एकवीस दिवसांचे इंजेक्शन : दीर्घप्रभावी पेनिसिलिनचा इतिहास

दीर्घप्रभावी पेनिसिलिन हे काही वेगळे प्रतिजैविक नव्हे. स्नायूत एकदा टोचल्यावर जे पेनिसिलिन तिथेच साठून राहते आणि पुढचे काही दिवस, काही वेळा तीन-चार आठवडे, थोडे थोडे करून रक्तात उतरत राहते, त्याला हे नाव आहे. जंतूंना मारणारा रेणू जुनाच, पेनिसिलिन जी. तो कोणत्या रूपात टोचायचा एवढेच बदलते. या गटातले आज सर्वाधिक वापरातले औषध म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. भारतातल्या दवाखान्यांत ते बहुतेक ‘पेनिड्युअर’ या व्यापारी नावानेच मागितले जाते, आणि रुमॅटिक तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांच्या घरी दर एकवीस दिवसांनी त्याची तारीख पाळली जाते. उपदंश, यॉज आणि रुमॅटिक ताप या तीन आजारांचे विसाव्या शतकातले चित्र या औषधाने पालटले. त्यासाठी नवा जंतुनाशक शोधावा लागला नाही. हाती असलेला जंतुनाशक शरीरात टिकवून धरावा लागला.

पेनिसिलिन शरीरात टिकत नाही, ही त्याची मूळ अडचण. मूत्रपिंडे ते नुसते गाळत नाहीत, तर मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका ते रक्तातून ओढून घेऊन लघवीत सोडतात. साध्या पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्यावर रक्तातले निम्मे औषध सुमारे अर्ध्या तासात नाहीसे होते आणि काही तासांत त्याचा मागमूस राहत नाही. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलियम बुरशीचा जंतुनाशक गुण पाहिला. त्याचे औषध करण्याचे काम १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी हाती घेतले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते देण्यात आले, तेव्हा हा दोष पहिल्यांदा जिवावर बेतला. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर गळवे पसरली होती. इंजेक्शने सुरू होताच ताप उतरला, भूक लागू लागली. पण साठा अत्यल्प होता आणि दिलेले औषध भराभर लघवीवाटे निघून जात होते. त्याची लघवी गोळा करून प्रयोगशाळेत नेली जाई, तिच्यातून पेनिसिलिन परत वेगळे काढले जाई आणि तेच पुन्हा त्याला टोचले जाई. तेही पुरले नाही. १५ मार्च १९४१ रोजी तो दगावला.

महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलिन काढले जाऊ लागले आणि तुटवडा ओसरला, पण शरीरातून निसटण्याची अडचण तशीच राहिली. सैनिकांच्या इस्पितळांत दर तीन-चार तासांनी, रात्री उठवूनही, सुई टोचावी लागे. १९४३ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या मरीन रुग्णालयात जॉन महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशाच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले. दर चार तासांनी २५ हजार युनिट, आठ दिवस, अहोरात्र. एकूण ४८ इंजेक्शने आणि १२ लाख युनिट. चौघांच्याही जखमा भरून आल्या. पारा आणि सोमल यांसारख्या विषारी द्रव्यांवर काढलेल्या कित्येक शतकांनंतर उपदंशाला खरे औषध मिळाले होते. आज बेंझाथिन पेनिसिलिनच्या नेहमीच्या कुपीत नेमके तेवढेच, १२ लाख युनिट असते आणि ते एकाच सुईने दिले जाते. ४८ सुयांची एक सुई कशी झाली, हाच या औषधाचा इतिहास.

इथे पेनिसिलिनच्या कामाची रीत समजून घ्यायला हवी. जंतू दुभंगून वाढतो तेव्हा त्याला नवी भिंत बांधावी लागते. पेनिसिलिन ते बांधकाम अडवते आणि जंतू फुटतो. जो जंतू स्वस्थ पडून आहे, वाढत नाही, त्याचे पेनिसिलिन काही बिघडवत नाही. बहुतेक जंतू अर्ध्या-एक तासात दुभंगतात, पण उपदंशाचा मळसूत्री ट्रेपोनिमा एकदा दुभंगायला तीस तासांहून अधिक वेळ घेतो. त्याला गाठायचे तर औषध रक्तात सलग आठ-दहा दिवस हवे. मात्र तो पेनिसिलिनला इतका हळवा आहे की त्याचे अगदी पुसट प्रमाणही पुरते. म्हणजे या जंतूसाठी एकदम मोठा डोस दिल्याने फारसे साधत नाही; कमी प्रमाण चालेल, पण त्यात खंड नको. घशात वाढणाऱ्या अ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसलाही कमी प्रमाण पुरते. दीर्घप्रभावी पेनिसिलिन या दोन जंतूंच्या स्वभावाला जितके मानवते तितके दुसऱ्या कोणत्याच जंतूला नाही, आणि त्याचा वापर आजही मुख्यतः त्यांच्याभोवतीच राहिला आहे. न्यूमोनिया किंवा रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गात औषधाचे प्रमाण झटकन वर न्यावे लागते. तिथे ते कुचकामी ठरते.

औषध टिकवण्याचे दोन मार्ग होते : बाहेर पडण्याची वाट अडवणे किंवा आत येण्याचा वेग कमी करणे. पहिल्या मार्गाने जाणाऱ्यांनी मूत्रपिंडाच्या नलिकांना दुसऱ्याच पदार्थात गुंतवून ठेवण्याचे प्रयोग केले. त्यातून पुढे प्रोबेनेसिड हे औषध निघाले. ते पेनिसिलिनबरोबर दिले की पेनिसिलिन अधिक वेळ टिकते. हा उपाय चांगला होता, पण त्याने तास वाढले. दिवस वाढले नाहीत.

दुसऱ्या मार्गाची पहिली ठळक पायरी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पडली. १९४४ साली मनरो रोमान्स्की आणि जॉर्ज रिटमन यांनी पेनिसिलिनचा क्षार शेंगदाण्याच्या तेलात मिसळला आणि त्यात मधमाश्यांचे मेण घातले. हा लगदा स्नायूत जाऊन बसे आणि त्यातून पेनिसिलिन सावकाश झिरपे. एका इंजेक्शनवर दिवस निघू लागला. परिचारिकांना मात्र तो नकोसा होता. लगदा थंड असला की सुईतून उतरत नसे, म्हणून कुपी आधी कोमट करावी लागे. सिरिंजमध्ये पाण्याचा अंशही राहिला तर गुठळ्या होत. रुग्णाला टोचलेली जागा कित्येक दिवस दुखे, काहींना मेणाचे वावडे निघे. तरीही ज्या रुग्णाला दिवसातून सहा-आठ सुया सोसाव्या लागत, त्याच्यासाठी ही मोठीच सुटका होती.

यानंतरची सुधारणा रसायनशास्त्राने केली. औषध तेलामेणात कोंडण्याऐवजी त्याचा क्षारच पाण्यात न विरघळणारा केला तर? प्रोकेन हे बधिर करणारे औषध १९०५ पासून दंतवैद्यांच्या हाती होते. त्याचा पेनिसिलिनशी संयोग केल्यावर बारीक स्फटिकांचा असा क्षार मिळाला जो पाण्यात फारच थोडा विरघळतो. १९४७-४८ च्या सुमारास प्रोकेन पेनिसिलिन बाजारात आले. स्फटिक स्नायूत पडून राहत आणि सावकाश विरत. प्रोकेनमुळे दुखणेही कमी होई. दिवसाला एक इंजेक्शन हा पेनिसिलिनचा शिरस्ता यानेच पाडला. १९४८ मध्ये बकवॉल्टर आणि डिकिन्सन यांनी हेच स्फटिक शेंगदाण्याच्या तेलात घेतले आणि त्यात २ टक्के ॲल्युमिनियम मोनोस्टिअरेट घातले. या पदार्थामुळे तेल घट्टसर होते, स्फटिकाभोवती पाण्याला सहजी न जुमानणारे आवरण तयार होते आणि रक्तातले प्रमाण चार दिवसांपर्यंत टिकते. इंग्रजी आद्याक्षरांवरून जगभरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्याला ‘पाम’ म्हटले. आज ते कुणाला आठवत नाही, पण मानवजातीच्या पहिल्या मोठ्या रोगनिर्मूलन मोहिमांपैकी एक याच तेलकट औषधाच्या बळावर लढली गेली.

ती मोहीम यॉजविरुद्धची. यॉजचा जंतू उपदंशाच्या जंतूचा सख्खा भाऊबंद, पण हा रोग लैंगिक संबंधातून पसरत नाही. उष्ण, दमट प्रदेशांत, जिथे पाणी, साबण आणि कपडे यांची वानवा, तिथे तो एका मुलाच्या उघड्या जखमेतून दुसऱ्याच्या खरचटलेल्या कातडीत शिरतो. आधी अंगावर लालसर, ओलसर, चामखिळीसारखे फोड उठतात. पुढे तळव्यांची कातडी जाड होऊन तिला भेगा पडतात आणि माणूस टाचा उचलून खेकड्यासारखा चालू लागतो. उपचार न झाल्यास काही वर्षांनी नडगीची हाडे वाकतात, काहींचे नाक-टाळू झडते. याने माणूस सहसा मरत नाही. मरत नाही म्हणूनच या रोगाकडे कोणी लक्ष देत नव्हते. तो होत असे तो रस्ता संपतो त्याच्या पलीकडच्या गावांत.

१९५० मध्ये हैती आणि इंडोनेशियात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने मोठी कामे उभी राहिली. इंडोनेशियात डॉ. कोडिजात यांनी घालून दिलेली पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. तिथे यॉजला ‘पातेक’ म्हणतात. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर फिरून पातेकच्या रुग्णांची यादी करत आणि ठरलेल्या दिवशी इंजेक्शन देणारे पथक गावात येई. डॉक्टर एखाद-दुसराच असे. हे जमले, कारण औषध एकदाच द्यायचे होते. चार तासांनी, दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या आठवड्यात तोच माणूस पुन्हा शोधावा लागला असता तर जंगलातल्या पाड्यांवर ही मोहीम पहिल्या महिन्यातच कोलमडली असती. जिथे दहा टक्क्यांहून अधिक लोकांना रोग दिसे तिथे साऱ्या गावालाच टोचले जाई, कारण जंतू अंगात दडलेला असूनही फोड न दिसणारी माणसे बरीच असतात. १९५२ ते १९६४ या काळात ४६ देशांत सुमारे ३० कोटी लोकांची तपासणी झाली आणि ५ कोटींहून अधिक लोकांना इंजेक्शन मिळाले. रोगाचे प्रमाण ९५ टक्क्यांनी घटले. उरलेले पाच टक्के मात्र मोहिमा थंडावल्यावर पुन्हा पसरले आणि सत्तरच्या दशकात पश्चिम व मध्य आफ्रिकेत यॉज परतला.

भारतात हा रोग ओडिशा, आंध्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि महाराष्ट्राचा पूर्व टोकाचा वनप्रदेश अशा आदिवासी पट्ट्यात होता. ‘माडिया रोग’, ‘गोंडी रोग’ अशी त्याची स्थानिक नावे वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतही नोंदलेली आहेत. पन्नासच्या दशकातल्या मोहिमेने तो बराच हटला, पण पुरता गेला नाही. १९९६-९७ मध्ये ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यापासून निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे दहा राज्यांत पोचला. औषध आता बेंझाथिन पेनिसिलिन होते : दहा वर्षांखालच्या मुलाला ६ लाख युनिट, त्यावरील सर्वांना १२ लाख. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांना आणि संपर्कातल्यांनाही ते दिले जाई. आठवडी बाजार, आश्रमशाळा, पाडे असे फिरत कार्यकर्ते हातात फोडांची रंगीत चित्रे घेऊन रुग्ण शोधत. २००३ मध्ये शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त असल्याचे जाहीर केले. देवी आणि पोलिओइतके या यशाचे कौतुक झाले नाही. ज्यांची सुटका झाली त्यांचा आवाज शहरापर्यंत पोचत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

बेंझाथिन पेनिसिलिन तयार झाले ते अमेरिकेतल्या वाइथ कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९५१ मध्ये साबो, एडवर्ड्स आणि ब्रूस यांनी पेनिसिलिनच्या दोन रेणूंना डायबेंझिलएथिलीनडायअमीन या एका रेणूशी बांधले. मिळालेला क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एक ग्रॅम विरघळवायला काही लिटर पाणी लागते. त्यामुळे तेल आणि मेण दोन्ही बाद झाले. पाण्यातच स्फटिकांचे दुधाळ मिश्रण करून ते टोचता येऊ लागले. स्नायूतल्या साठ्यातून बेंझाथिन पेनिसिलिन कणाकणाने सुटते, सुटल्यावर त्याचे साधे पेनिसिलिन होते आणि ते नेहमीप्रमाणे मूत्रपिंडातून निघून जाते. निघून जाणे थांबलेले नाही. जेवढे जाते तेवढे मागून येत राहते. रक्तात कधीच फार पेनिसिलिन नसते, पण दोन-तीन आठवडे काही ना काही असतेच.

याच सुमारास रुमॅटिक तापाबद्दलची एक मोठी शंका मिटत होती. हा ताप प्रामुख्याने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना येतो. आधी घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी, घसा विसरून गेल्यावर, एकामागून एक सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण शरीराने घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध तयार केलेली शस्त्रे चुकून हृदयाच्या झडपांवरही चाललेली असतात. मग डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, आकसते किंवा गळू लागते. घशावर वेळीच इलाज केला तर हे टळेल का? अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या वॉरन या लष्करी तळावर चार्ल्स रॅमेलकॅम्प यांच्या पथकाने १९४९ मध्ये ते पडताळले. बराकीत घसादुखीची साथ होती. ७९८ जवानांना दीर्घप्रभावी पेनिसिलिन दिले, ८०४ जणांना दिले नाही. पहिल्या गटात दोघांना रुमॅटिक ताप आला, दुसऱ्या गटात सतरा जणांना. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. पण त्यातून मिळालेल्या उत्तरावर पुढची सारी प्रतिबंधक पद्धत उभी आहे. या पथकाच्या प्रयोगशाळेला १९५४ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

ताप एकदा येऊन गेलेल्या मुलांचा प्रश्न अधिक अवघड होता. त्यांना प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर ताप उलटू शकतो आणि झडप आणखी बिघडू शकते. अशा मुलांना रोज सल्फाच्या गोळ्या देत असत. पण धडधाकट दिसणाऱ्या मुलाने वर्षानुवर्षे रोज गोळी घेणे कठीणच. न्यूयॉर्कजवळच्या अर्विंग्टन हाउस या रुमॅटिक मुलांच्या आरोग्यधामात जीन स्टोलरमन यांनी १९५२ मध्ये बेंझाथिन पेनिसिलिनचे महिन्याला एक इंजेक्शन देऊन पाहिले. घशातले स्ट्रेप्टोकॉकस जवळजवळ नाहीसे झाले. रोजच्या गोळ्यांशी पुढे झालेल्या तुलनांतही इंजेक्शनच सरस ठरले. नंतर तैवानमध्ये बारा वर्षे चाललेल्या अभ्यासाने चार आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांचे अंतर अधिक सुरक्षित असल्याचे दाखवले. जिथे हा ताप जोरात आहे अशा भारतासारख्या देशांत म्हणूनच एकवीस दिवसांचा हिशेब रूढ झाला. अमेरिकन लष्करात भरती होणाऱ्या जवानांनाही साथ टाळण्यासाठी हे इंजेक्शन सरसकट दिले जाई. दाट औषध आणि दुखरे ढुंगण यावरून त्यांनी त्याला ‘पीनट बटर शॉट’ हे नाव दिले, ते अजून टिकून आहे.

श्रीमंत देशांतून रुमॅटिक ताप पुढे हटत गेला. त्यात पेनिसिलिनइतकाच मोकळ्या घरांचा आणि कमी गर्दीचा वाटा होता. भारतात तो राहिला आणि अधिक क्रूर रूपात राहिला. दिल्लीचे सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की पाश्चात्त्यांच्या पुस्तकात तिशी-चाळिशीत दिसणारी आकसलेली मायट्रल झडप इथे विशीच्या आतल्या मुलांत आढळते. अशा मुलांना घ्यावे लागणारे इंजेक्शन थोड्या दिवसांचे नसते. हृदयाला इजा नसेल तर निदान पाच वर्षे किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत. झडप कायमची बिघडली असेल तर दहा वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, यांतले जे अधिक असेल तेवढे. दहाव्या वर्षी ताप आलेल्या मुलीला वयाच्या चाळिशीपर्यंत पाचशेहून अधिक इंजेक्शने घ्यावी लागतात. शाळा, परीक्षा, लग्न, बाळंतपण, गाव बदलणे या साऱ्यांतून ती तारीख सांभाळायची असते, आणि लग्नानंतर सासरी आजार लपवण्यासाठी इंजेक्शने सोडणाऱ्या मुली झडप निकामी झाल्यावर परत येतात, हे हृदयरोग विभागांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे.

इंजेक्शन देणे हेही कसबाचे काम आहे. कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात इंजेक्शनचे पाणी घालून कुपी तळहातांमध्ये घोळवायची, जोराने हलवून फेस करायचा नाही. दुधासारखे मिश्रण झाले की लगेच ओढायचे आणि लगेच द्यायचे, कारण थांबले की स्फटिक खाली बसतात आणि बारीक सुईत अडकतात. म्हणून सुई जाडच, बहुतेक २१ नंबरची. ती कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात खोल जाते. औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहायचे, मग दोन-तीन मिनिटे घेत सावकाश सोडायचे. घाईने दिले तर रुग्ण विव्हळतो. शांतपणे दिले आणि जागा आधी बोटाने दाबून धरली तर दुखणे बरेच कमी होते. हे औषध शिरेत कधीही जाता कामा नये. स्फटिक रक्तवाहिनीत गेले तर हृदय थांबू शकते किंवा त्या भागाची कातडी काळी पडून सडते. लहान मुलाच्या मनात या जाड सुईची भीती एकदा बसली की ते पुढच्या तारखेला येत नाही. त्यामुळे ती दोन-तीन मिनिटे औषधाइतकीच मोलाची असतात.

पेनिसिलिनच्या वावड्याचे भय त्याहून मोठे आहे आणि ते डॉक्टरांच्या मनातही आहे. इंजेक्शननंतर क्वचित कोणाचा रक्तदाब अचानक कोसळतो, श्वास अडकतो आणि हाताशी ॲड्रिनॅलिन नसेल तर मृत्यू येतो. अशी एखादी घटना घडली की त्या तालुक्यातले खासगी दवाखाने पेनिसिलिन देणेच बंद करतात, आणि इंजेक्शन चालू असलेल्या मुलांना पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरावी लागते. ११ देशांतल्या १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जिवावर बेतणारे वावडे चौघांना निघाले आणि एक मृत्यू झाला. धोका आहे, पण इंजेक्शन बंद केल्याने झडप बिघडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ हृदयाच्या सोनोग्राफीत (इकोत) दिसणारी सुरुवातीची इजा दोन वर्षांत वाढल्याचे प्रमाण इंजेक्शन घेणाऱ्यांत ०.८ टक्के निघाले, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. आपत्कालीन औषधे जवळ ठेवून, अर्धा तास रुग्णाला नजरेखाली ठेवून हे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते आणि दिले गेले पाहिजे.

उपदंशावर आजही हेच पहिले औषध आहे. सुरुवातीच्या अवस्थेत २४ लाख युनिट एकदाच; उशिरा कळले तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. मेंदूत आणि मज्जारज्जूत हे औषध पुरेसे पोचत नाही, म्हणून तिथल्या उपदंशाला साधे पेनिसिलिन शिरेतून द्यावे लागते. गर्भवतीला उपदंश असेल तर पोटातल्या बाळाला वाचवण्यासाठी याला तोडीचा पर्याय नाही. ट्रेपोनिमाने ऐंशी वर्षांत पेनिसिलिनला दाद न देण्याची युक्ती शिकलेली नाही. औषध असूनही न देण्याचा काळाकुट्ट प्रसंगही याच रोगाच्या इतिहासात आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्य सेवेने १९३२ पासून ‘निरीक्षण’ चालवले होते. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावरही त्यांना ते मुद्दाम दिले गेले नाही, आणि १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून बोभाटा होईपर्यंत हा प्रकार चालू राहिला.

भारतातल्या पेनिसिलिनची कथा पुण्याजवळच्या पिंपरीत सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीकर तिला आजही ‘एच. ए.’ म्हणतात. बुरशी वाढवण्याच्या टाक्यांपासून कुपी भरण्यापर्यंतची सारी विद्या इथे उभी राहिली, आणि ‘लाँगॅसिलिन’ या नावाने बेंझाथिन पेनिसिलिनही इथून देशभरच्या सरकारी रुग्णालयांत गेले. नव्वदच्या दशकानंतर स्वस्त चिनी पेनिसिलिन जी येऊ लागले आणि भारतातल्या टाक्या एकेक करून बंद पडल्या. पेनिसिलिन करायला शिकलेला देश ते विकत घेऊ लागला.

जगभरही तेच झाले. पेटंट केव्हाच संपलेले, कुपी काही रुपयांची, नफा नगण्य. कच्चा माल करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यांतला एखादा बंद पडला की कित्येक देशांत औषध मिळेनासे होते. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या टंचाईची दखल घेतली, तरी २०२३ मध्ये खुद्द अमेरिकेत उपदंश वाढत असताना ते तुटले, आणि उरलेला साठा गर्भवतींसाठी राखून ठेवावा लागला. स्वस्त औषधाची हीच शोकांतिका आहे : ज्यांना ते हवे त्यांच्याकडे पैसा नाही, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना त्याची गरज क्वचितच पडते. भारतात सरकारी प्रोत्साहन योजनेतून आंध्र प्रदेशातल्या काकीनाडाजवळ पेनिसिलिन जीचा मोठा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला.

यॉजपुरते बेंझाथिनचे काम आता ॲझिथ्रोमायसिनच्या एका तोंडी मात्रेने होते. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत ती इंजेक्शनच्या तोडीची ठरल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुमॅटिक तापासाठी मात्र बेंझाथिनला बदली औषध मिळालेले नाही. ऑस्ट्रेलियात मोठा डोस स्नायूऐवजी त्वचेखालच्या चरबीत सावकाश सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने औषध आणखी संथ सुटते, आणि पहिल्या चाचण्यांत ते तीन महिन्यांच्या आसपास पुरल्याचे दिसले आहे. हे साधले तर वर्षाला सतरा सुयांऐवजी चार पुरतील.